बिनदाराच्या घरातून अस्माराला

यज्ञेश्वर सरांची आफ्रिकेत दुसरी बायको आहे, हे आमच्या शनिशिंगणापुरात सगळ्यांना माहीत होतं. कुणी म्हणायचं तिचं तिकडं हॉटेल आहे, कुणी म्हणायचं दोन पोरं आहेत, तीही इंग्लिश मीडियमला. सर आता म्हातारपणी तिच्याकडंच जाऊन राहणार, एवढ्यावर मात्र सगळ्यांचं एकमत होतं.

बातमी आणली झुंबरबाईंनी. झुंबरबाई आमच्या पूजेच्या दुकानात रुईच्या पानांच्या माळा ओवतात. मला गावातल्या सगळ्यांच्या नकला येतात. त्यांचा आवाज काढायचा असेल तर आधी दोन्हीकडं बघून घ्यायचं, मग गळा एकदम खाली न्यायचा आणि गावाला ऐकू जाईल इतकं हळू बोलायचं.

"ऐक की गं सृष्टे. मास्तर चाललाय परत तिकडं. बायकूकडं. ही न्हाई गं, तिकडची! मला कुनी सांगितलं म्हनशील, तर खुद्द इंदूबाईनं. नळावर. म्हनली, ह्यांची बायको अस्माराला असती, मी आपली पाव्हनी हाय चार दिसांची. आता घरच्या बाईनंच सांगितल्यावर मी कोन खोटं म्हननार?"

काकू तसं म्हणाल्या होत्या, हे खरं आहे. नळावर मीही होते. पण सरांना बायको एकच, आणि ती म्हणजे इंदूकाकूच. दोन-तीन वर्षांपासून काकूंचं डोकं मागं मागं जायला लागलंय. सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही, पण अस्मारातल्या शेजारणीच्या मुलीच्या लग्नात कुणी काय घातलं होतं ते आठवतं. त्यांच्या हिशेबानं यज्ञेश्वर सरांची बायको अजून अस्मारातच आहे, त्या घरात, त्या खिडकीशी. इथं शिंगणापुरात वावरतेय ती कुणीतरी पाहुणी. झुंबरबाईंनी ऐकलं बरोबर, फक्त त्या बायकोला हॉटेल काढून दिलं ते गावानं.

अस्मारा ही एरिट्रिया नावाच्या देशाची राजधानी. सर नगरला एका विनाअनुदानित कॉलेजात फिजिक्स शिकवायचे. तिथं पगाराचं आज देतो, उद्या देतो चालायचं. म्हणून पेपरातली जाहिरात बघून ते एरिट्रियात शिकवायला गेले, काकूंना घेऊन. मुलगा सुहास तेव्हा शाळेत होता, त्याला नगरच्या वसतिगृहात ठेवलं. परत आले तेव्हा सुहास नोकरीला लागलेला आणि सरांचे केस पांढरे. पेन्शन इथलीही नाही, तिथलीही नाही. मग वडिलांचं शिंगणापुरातलं घर झाडून दोघं इथं राहायला लागले.

आणि शिंगणापुरातलं घर म्हणजे चौकट आहे, दार नाही. आमच्याकडं कुणाच्याच घराला नसतं. पडदा असतो आणि रात्री कुत्री येऊ नयेत म्हणून एक फळी टेकवतात. चोरी होत नाही, शनिदेव बघून घेतात. पण देव बघतो ते बाहेरून आत येणाऱ्याकडं. आतून बाहेर जाणाऱ्या म्हातारीचं काय करायचं, याची सोय कुणी केलेली नाही.

काकू निघायच्या. पडदा बाजूला केला की निघाल्या. कधी उसाच्या रानात सापडायच्या, कधी पार्किंगमध्ये, कधी दर्शनाच्या रांगेत मधेच घुसलेल्या, आणि मागचे गुजराती यात्रेकरू "माजी, लाइन, माजी" करत उभे. एकदा तर शिर्डीच्या जीपमध्ये जाऊन बसल्या. जीप मच्छिंद्रची. तो "शिर्डीशिर्डीशिर्डी, एकच सीट, एकच सीट" असं श्वास न घेता ओरडतो आणि आत नऊ सीटा रिकाम्या असतात. त्या दिवशी तो राहुरीहून काकूंना परत घेऊन आला, तेव्हा पहिल्यांदा त्याचा आवाज बारीक झालेला ऐकला.

"सर, मला वाटलं यात्रेकरू हाय. पायात चप्पल न्हाई, म्हनलं नवस आसंल. राहुरीला इचारलं, मावशी कुठं उतरायचं? तर म्हनल्या, बेकरीपाशी. कंची बेकरी? तर म्हनल्या, पावाची. मग झुंबरबाई सांगायची ते आठवलं, मास्तरांच्या बाई घरातनं निघून जात्यात, आन् टरकलोच."

सरांनी त्याचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

सरांचा आवाज काढणं सोपं वाटतं, पण नाही. त्यांच्या दर दोन वाक्यांनंतर "अर्थात" येतं आणि त्या "अर्थात"नंतर खडूचे हात झटकायला लागतात तेवढा वेळ शांतता. ती शांतता जमली तरच सर जमतात. मी दुकानात करून दाखवायचे आणि पप्पा तोंडात टॉवेल कोंबून हसायचे.

सरांनी सगळं करून बघितलं होतं. काकूंना पुण्याला सुहासच्या फ्लॅटवर नेलं. तिथं दार होतं, त्याला जाळीचं दार होतं, त्याला कडी होती. काकू दिवसभर त्या दारावर थापा मारत बसल्या. "उघडा हो, कुणी कोंडलंय मला." समोरच्या फ्लॅटमधल्यांनी वॉचमनला बोलावलं. हाताला सूज आली तेव्हा सर त्यांना परत घेऊन आले. मग घोडेगावहून सुतार बोलावला. त्यानं चौकटीचं माप घेतलं, पट्टी खिशात ठेवली आणि म्हणाला, "सर, रागावू नका. शिंगनापुरात म्या दार न्हाई बसवनार. मला पोरंबाळं हायत." पप्पांनीही समजावलं, "सर, आख्खं गाव उघडं हाय, तुमी एकलेच कडी लावनार? उद्या गावात कुनाला ठेच लागली तरी तुमच्या कडीवर बिल फाटंल." सर फिजिक्सचे. त्यांना हे पटत नव्हतं. पण दार बसवायला ते स्वतः हातोडा घेऊन उभेही राहिले नाहीत. "अर्थात," ते म्हणाले, आणि पुढं काहीच नाही.

त्यानंतर सरांनी अस्माराचा विषय काढला. सुहासदादाशी फोन स्पीकरवर चालायचा. आमच्या गावात दाराला कान लावावा लागत नाही, कारण दारच नाही. सुहासदादा इंग्रजीत रागावतो आणि मराठीत रडकुंडीला येतो.

"बाबा, लिसन. बी प्रॅक्टिकल. लोक रिटायर होऊन पोर्तुगालला जातात, थायलंडला जातात. तुम्ही शोधलं काय, तर एरिट्रिया?"

"तिथं कमी पैशात भागतं. हवा थंड. माझ्या बचतीत इथं दोन बायका कामाला ठेवता येत नाहीत, तिथं येतील."

"आणि इंटरनेट? फोन? तुम्हीच सांगायचात ना, सिमकार्ड मिळत नाही, पैसे काढायला मर्यादा, पेपरात सरकारचीच बातमी, शहराबाहेर जायचं तर परवाना! तिथून स्वतःची माणसं पळून चाललीत, बाबा, आणि तुम्ही आत चाललात?"

"अर्थात."

"काय अर्थात?"

फोन ठेवल्यावर ते 'अर्थात' त्यांनी मला उलगडून सांगितलं. स्वस्ताईचं कारण सुहासदादासाठी होतं. खरं वेगळंच होतं.

"आम्ही होतो तेव्हा शहरातून बाहेर पडणाऱ्या रस्त्यांवर नाके असायचे. परदेशी माणसाला परवान्याशिवाय पलीकडं जाता यायचं नाही. तेव्हा मला त्याचा संताप यायचा. आता वाटतं, इंदू कितीही चालली तरी जाईल कुठवर? नाक्यापर्यंत. तिथला शिपाई तिला वळवून पाठवेल. गल्लीतली माणसं तिला ओळखतात. घराला कडी लावायची गरज नाही, थापा नाहीत, राहुरी नाही. अर्थात..." खडू झटकण्याची शांतता. "माझ्यासाठी तो तुरुंगच असेल. पण तिच्यासाठी ते अंगण आहे."

मला त्या वेळी त्यांची नक्कल करावीशी वाटली नाही, एवढंच सांगते.

मुंबईच्या एका व्हिसा एजंटाला त्यांनी फोन लावला. त्या ऑफिसातल्या ताईंचा आवाज मला फार आवडला. प्रत्येक शब्दाला इस्त्री.

"पर्पज ऑफ स्टे, सर?"

"म्हातारपण."

"सॉरी सर?"

"ओल्ड एज. मी आणि पत्नी. शेवटपर्यंत."

"सर, टुरिझम लिहू, बिझनेस लिहू की फॅमिली? शेवटपर्यंत असा रकाना नाहीये, सर."

शेवटी टुरिझम ठरलं. आधी पाहुणे म्हणून जायचं, पुढचं तिथं जाऊन बघायचं. जुन्या कॉलेजातलं कुणी उरलंय का, घरमालक आहे का, शेजारीण लेतेब्रहान जिवंत आहे का, काहीच कळायला मार्ग नव्हता. ईमेल गेले की गेले. एजंटताईंनी रविवारपर्यंत हो की नाही सांगा म्हटलं. सुहासदादा म्हणाला, तुमचं तुम्ही ठरवा, मी थकलो. सरांनाही ठरवता येईना. ते ओट्यावर बसून राहायचे आणि काकू निघाल्या की उठायचे. त्यांचे गुडघे आता काकूंच्या वेगाला पुरत नव्हते.

मी म्हणायचे, "जा, सर. काकू तेच तर शोधतात. त्यांना त्यांच्या घरी पोचवा."

"मला शंका आहे," सर म्हणायचे.

एका बुधवारी दुपारी, गावात गर्दी नव्हती तेव्हा, ती शंका मी मिटवायचं ठरवलं. लेतेब्रहान मला येत होती. सरांनीच शिकवली होती. ती भिंतीपलीकडून काकूंना कॉफीला कशी बोलवायची, इंदूमधला 'इ' किती ताणायची, शब्द घशातून कसे काढायची. कॉफीला ते लोक 'बून' म्हणतात. मी पहिल्यांदा ती हाक जमवली, तेव्हा सर चष्मा पुसायला आत गेले होते.

"सर, पैज. मी लेतेब्रहान होते. काकूंना अस्मारात नेते, इथंच. बघा, उठायचं नाव काढणार नाहीत. आणि नाही उठल्या तर तुम्ही एजंटताईंना हो म्हणायचं."

सरांनी पडद्याकडं बघितलं. मग म्हणाले, "बसेल ती. पण उठेल."

"नाही उठणार."

"हरलीस तर आज तिच्यामागून तू जायचं. माझे पाय राहिले नाहीत."

"मंजूर."

सरांनी लोखंडी कढईत कॉफीच्या बिया भाजल्या. काकूंची तिकडून आणलेली लांब मानेची काळी मातीची सुरई चुलीवर ठेवली. मक्याच्या लाह्या केल्या, कारण तिकडं कॉफीबरोबर त्या लागतात. समोरून झुंबरबाई ओरडल्या, "मास्तर, काय करपलं वो?" मी पडद्याबाहेर गेले आणि 'कशी आहेस, ये कॉफीला' अशी तिकडच्या भाषेत हाक दिली.

"इंऽऽऽदू! केमेय आलेखी? बून!"

आत काकू मेथी निवडत होत्या. त्यांचे हात थांबले. चेहरा असा उजळला की मला पडद्याच्या फटीतूनही दिसला. "देहान, देहान!" त्या म्हणाल्या. बरी आहे, बरी आहे. मी आत गेले आणि त्यांनी मला हाताला धरून बसवलं. मी मी नव्हतेच.

पहिली कॉफी झाली. काकूंनी पाव कुठं चांगला मिळतो ते सांगितलं. दुसरी झाली. "माझा दगड ठेवलास ना गं रांगेत?" त्यांनी विचारलं. तिकडं पावाच्या रांगेत जागा धरायला दगड ठेवायचे. मी मान हलवली. त्या लाह्या खात होत्या, हसत होत्या, पडद्याकडं त्यांनी एकदाही बघितलं नाही. मी सरांकडं बघून भुवया उडवल्या. सरांनी मान खाली घातली. मला वाटलं, ते हरले. वाटलं, आता रविवारची वाट कशाला बघायची, आजच फोन लावू.

तिसरी कॉफी झाली. तिकडं तीनच असतात, तिसऱ्या कपाला आशीर्वाद म्हणतात. काकूंनी कप पालथा घातला, पदर खोचला आणि उठल्या.

"इंदू, बस की," मी लेतेब्रहानच्या आवाजात म्हटलं.

"नाही गं, उशीर झाला." मग त्या सरांकडं वळल्या. आवाज खाली आला, जसा बाहेरच्या माणसासमोर नवऱ्याशी बोलताना येतो. "अहो, परवाना काढलात का?"

सरांनी वर बघितलं. "कसला?"

"घरी जायचा. वर्षं झाली, नुसतं काढतो, काढतो. सुहास वसतिगृहात एकटा आहे. मला नाही राहायचं इथं."

चुलीवरची सुरई सू सू करत होती. सरांचे ओठ हलले, पण 'अर्थात' आलं नाही.

"काढतो," ते म्हणाले.

"नेहमीचंच," काकू म्हणाल्या, आणि पडदा बाजूला करून निघाल्या.

पैज मी हरले होते. काकूंच्या चपला हातात घेऊन मी त्यांच्यामागून निघाले.