दुसऱ्यांदा दाबलेलं बटण

जेवणाच्या सुट्टीत आम्ही पेन्शन ऑफिसातले सगळे मोबाइलवर चंद्राकडे निघालेलं यान बघत होतो. आतली अंतराळवीर तरंगत तरंगत सांगत होती, तिचा ईमेल उघडत नाहीये. जमिनीवरून सल्ला गेला, बंद करून पुन्हा चालू करा. अख्खं ऑफिस खो खो हसलं. एवढ्या लांब जाऊनही नशिबी तेच गोल फिरणारं चक्र!

मला मात्र तिचा चेहरा आठवत राहिला. वैतागली होती, पण तिथे 'उद्या या' म्हणणारी खिडकी नव्हती आणि यान तर पुढे चाललंच होतं. तिने ओठ घट्ट मिटले आणि पुन्हा बटण दाबलं. माणूस बहुधा अशा दुसऱ्यांदा दाबलेल्या बटणांवरच इतका लांब पोचला असावा.

सुट्टी संपली. माझ्या खिडकीशी एक आजोबा हयातीच्या दाखल्यासाठी उभे होते. त्यांनी अंगठा टेकवला आणि मशीन हँग झालं. माझ्या तोंडाकडे बघून त्यांनीच काठी उचलली. "सिस्टीम डाऊन ना? येतो उद्या."

"उद्या नाही, आजोबा. आत येऊन खुर्चीत बसा," मी म्हटलं. "तुम्ही जिवंत आहात हे या मशीनला आज कबूल करायला लावल्याशिवाय मी उठणार नाही."