मंजुळेच्या कानावरची विडी

मी भित्रा माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे निराशा नको. नाव गुणाजी. राहायला अंधेरीला, गुंदवलीच्या चाळीत. नोकरी वीज कंपनीत, मीटर रीडरची. अंधेरीपासून दिंडोशीपर्यंत लोकांच्या जिन्याखाली वाकायचं आणि मीटरचे आकडे उतरवायचे. जिन्याखाली अंधार असतो, झुरळं असतात. एकदा मांजर होती. ती अंगावर आली तेव्हा मी बॅटरी तिथेच टाकून पळालो, आणि दुसऱ्या दिवशी मालकिणीने ती हसत हसत परत दिली. असा हा शूर पुरुष १९६४ सालापासून ‘घुबड’ नावाच्या मासिकात दर महिन्याला भयकथा लिहीत असे, आणि स्वतःची कथा छापून आली की आठवडाभर दिवा लावून झोपत असे.

‘घुबड’चं ऑफिस पार्ल्याला पूर्वेला, पिठाच्या गिरणीमागे. संपादक नाना. गिरणीचं पीठ खिडकीतून यायचं आणि नानांच्या टकलावर, भुवयांवर, टेबलावर बसायचं. पहिल्यांदा गेलो तेव्हा मी दारातच थबकलो. भयकथा घ्यायला खुद्द भूत बसलंय असं वाटलं. माणूस मात्र चांगलाच जिवंत होता आणि तोंडाने फटकळ.

अडचण अशी होती की माझ्या प्रत्येक कथेत कोणीतरी मरायचं आणि ज्याच्यावर जीव होता त्याच्याकडे परत यायचं. पुरुष मरायचा आणि पुरुषाकडे परत यायचा. मला पुरुषच आवडत. मेलेला माणूस बाईकडे कशाला परत येईल हे मला सुचतच नसे. नाना लाल शाईचं पेन उघडत आणि म्हणत, “गुणाजी, कथा झकास. पण ह्यातला एक बाई कर.” आणि मी करत असे. समोरचा चहा गार व्हायच्या आत करत असे. सहा वर्षांत मी निदान साठ पुरुषांना लुगडी नेसवली. तत्त्वासाठी भांडणारी माणसं वेगळी असतात. त्यांच्या जिन्याखालचे मीटर मी पाहिलेत, तेवढाच आमचा संबंध.

‘घुबड’ जिथे छापलं जाई त्या प्रेसमध्ये श्यामसुंदर कंपोझिटर होता. छपाईचे खिळे, म्हणजे शिशाची अक्षरं, जुळवून जुळवून बोटं कायमची काळी झालेली, कानावर कायम एक विडी. मूळचा गोराईचा, कोळ्याचा मुलगा, पण होडीत बसलं की त्याच्या पोटात ढवळायचं. शेवटी बापाने हात जोडून त्याला जमिनीवर धाडला. माझी आई, कृष्णाबाई, घरात चार माणसांची खानावळ चालवायची. बाबा कापडगिरणीत कामाला होते, ते वारल्यापासून घर त्यावर आणि माझ्या पगारावर चालत होतं. मी श्यामसुंदरला तिथे जेवायला आणला. बाकीचे तिघे येत-जात राहिले, हा टिकला.

आईला अक्षरओळख नव्हती, पण मुलगा काय लिहितो हे कळायला हवं होतं. एकदा तिने मला वाचायला बसवलं. पहिल्याच पानावर मी इतका अडखळलो की ती म्हणाली, “तू रव. तुका तुझाच लिवलेला वाचूक येना नाय.” तेव्हापासून दर रविवारी जेवणं झाली की श्यामसुंदर तिला ‘घुबड’ वाचून दाखवायचा. मी तेवढ्या वेळात काहीतरी काम काढून गॅलरीत उभा राहायचो आणि कान आत ठेवायचो.

श्यामसुंदरवर माझा जीव जडला होता. सरळ सांगतो, कारण कथेत कधी सरळ सांगता आलं नाही. मला एकच हवं होतं: त्याला कळावं, आणि दुसऱ्या कुणालाही कळू नये. आणि ही गोष्ट मी तीन हजार प्रती निघणाऱ्या मासिकातून कळवायला निघालो होतो, यावरून माझी अक्कल ओळखा.

१९६९ साली माणूस चंद्रावर उतरला आणि नानांना अंतराळाचं वेड लागलं. “भुतं पुरे झाली,” ते म्हणाले. “आता तिकडचं काहीतरी दे.” मी मंगळावरची कथा दिली. दोन मंगळवासी गडी, एक घर, एक चूल. लाल पेन उघडेल म्हणून मी मान खाली घालून बसलो होतो. नाना म्हणाले, “मंगळावर काय वाट्टेल ते चालू दे. तिथे आपले वर्गणीदार नाहीत.”

एक अक्षर न बदलता कथा छापून आली! तीन दिवस मी तरंगत होतो. गोरेगावच्या एका बिल्डिंगमध्ये तर विजेच्याऐवजी पाण्याचा मीटर उतरवून आलो. मग रविवार उजाडला. आता मंगळ म्हटल्यावर वाचकाला पटायला हवा, म्हणून मी दोघांना हिरवी कातडी, तीन डोळे आणि शेपूट दिली होती. श्यामसुंदरने रंगवून रंगवून वाचलं. आईने विचारलं, “ही जनावरां खातत काय?” श्यामसुंदर पोट धरून हसला. माझी माणसं जशीच्या तशी छापून आली होती, पण शेपटीसकट आली होती, आणि ज्याने ओळखायची त्याने ओळखली नव्हती. गॅलरीत मीही हसलो. दुसरं काय करणार?

पुढच्या वर्षी आईने मुलुंडची एक मुलगी मनात धरली. वनमाला. शिकलेली, शांत, शिवणकाम येणारी. “तुळशीचा लगीन झाला काय तुझा,” आई म्हणाली, म्हणजे दिवाळी सरली की लगेच. मी “हं” म्हणालो. आमच्या घरात “हं” म्हणजे होकार असतो हे मला माहीत होतं, आणि तरी मी तेच म्हणालो, कारण “नाही” म्हणायला तोंड उघडावं लागतं. एकदा हे लग्न झालं की माझं तोंड कायमचं बंद होणार होतं, आणि त्या बिचारीचा तर काही दोष नसताना जन्म फुकट जाणार होता.

तेव्हा मी दिवाळी अंकासाठी गोराईची कथा लिहिली. या वेळी शेपूट नव्हतं. खाडीत होडी चालवणारा बळवंत. त्याचा जिवाचा सोबती तुळशीदास समुद्रात बुडून मेलेला. ओहोटी लागली की तो पाण्यातून येऊन होडीत बसतो आणि भरती आली की जातो. बळवंतच्या कानावर मी विडी ठेवली. यापेक्षा उघड लिहायचं तर पत्ताच द्यावा लागला असता. शेवटी तुळशीदास बळवंतला म्हणतो, “दमलायस तू. आण ते वल्हं इकडे.” एवढंच. ते वाक्य लिहून झाल्यावर मी रडलो होतो.

नानांनी कथा वाचली आणि डोळे पुसले. चेहऱ्यावरच्या पिठात दोन ओघळ उठले. “रडवलंस रे मेल्या,” ते म्हणाले. “बळवंतची मंजुळा कर.”

आयुष्यात पहिल्यांदा मी म्हणालो, “नाना, ह्या वेळी राहू द्या ना.”

“का? गोराई मंगळावर आहे?”

नाही, गोराई मंगळावर नव्हती. बोरिवलीहून जाता येत होतं. मी पेन हातात घेतलं. बळवंतची मंजुळा झाली, लुंगीचं लुगडं झालं. वल्ह्याचं वाक्य नानांनी स्वतःच लाल रेघ मारून काढलं. म्हणाले, वाचताना कसंतरी होतं. विडी मात्र मंजुळेच्या कानावर तशीच राहिली. बंडखोरी म्हणून ठेवली असं सांगायला मला फार आवडेल. खरं म्हणजे ती माझ्याने काढवली नाही.

अंक निघाला. विडी ओढणारी धाडसी नायिका दिल्याबद्दल डोंबिवलीच्या एका वाचकाने माझं अभिनंदन केलं.

दिवाळीनंतरच्या रविवारी आई कोलंबी सोलत बसली होती आणि श्यामसुंदर अंक उघडून वाचत होता. पुढच्या रविवारी मुलुंडची माणसं बोलणी पक्की करायला येणार होती. मी नळावरून दोन बादल्या भरून आणल्या आणि दाराशी आलो तेव्हा ऐकू आलं, “बळवंतने कानावरची विडी काढली आणि ओल्या हाताने पुन्हा ठेवली.”

मी तिथेच थांबलो. अंकात बळवंत कुठेच नव्हता. मी स्वतः त्याला खोडला होता. पण श्यामसुंदर वाचत राहिला, आणि पानामागून पान बळवंतच येत गेला. लुंगीतला, माझा. शेवटाला तो म्हणाला, “तुळशीदास म्हणाला, दमलायस तू. आण ते वल्हं इकडे.” हे वाक्य छापलंच गेलं नव्हतं. ते फक्त माझ्या हस्तलिखितात, लाल रेघेखाली होतं, आणि ते हस्तलिखित समोर ठेवून खिळे जुळवणारा माणूस एकच होता. सहा वर्षं. सगळ्या कथा. मी ज्याला खुणा करत होतो तो माझं सगळं खोडलेलं पहिल्यापासून वाचत होता, आणि हे माझ्या टाळक्यात कधी आलं नव्हतं!

आईचे हात थांबले. “ह्यो तुळशीदास परत जातलो?”

“जातो ना काकी. भरती आली की जातो.”

“कित्याक?” तिने दाराकडे, माझ्याकडे पाहिलं. “तूच लिवतस मां? मगे तो रवतलो म्हणान लिव.”

मी आत आलो. अंक श्यामसुंदरच्या मांडीवर उघडा होता आणि पानभर मंजुळा, मंजुळा, मंजुळा दिसत होती. त्याने माझी नजर पाहिली. “छपाईच्या चुका असतात रे,” तो म्हणाला. “मी दुरुस्त करून वाचतो.”

भुतांकडून मी वर्षानुवर्षं प्रेम बोलून घेतलं होतं. माझं स्वतःचं तोंड उघडलं ते भलतीकडेच. “आये,” मी म्हणालो, “मुलुंडचा नको.”

आईने पुढची कोलंबी उचलली. “मी सांगतंय तेंका. झिलाक भुतांचो नाद आसा, तुमच्या चेडवाक भय वाटात.”

मी दोन्ही बादल्या हातात धरून तसाच उभा होतो. पाणी पायावर सांडत होतं ते मला कळलंही नाही. श्यामसुंदर उठला, कानावरची विडी नीट केली आणि काळी बोटं पुढे केली.

“दमलायस तू,” तो म्हणाला. “आण ती बादली इकडे.”