कूलरची चप्पल

आमच्या घरी कूलरजवळ एक चप्पल राहायची. निळ्या पट्ट्याची, रबराची, पुरुषाच्या मापाची. कूलरमध्ये पाणी भरायचं असो की बटण दाबायचं, आधी ती पायात घालायची. नाही घातली की करंट लागायचा. जोरात नाही हो, झिणझिण्या यायच्या. पाहुणा आला की मी हसतच सांगायची, "कूलरले हात लावाल तं चप्पल घाला बरं." ते हसणं आठवलं की आता मान खाली जाते.

आमचं गाव ब्रह्मपुरीपासून जवळच, धानाच्या बांध्यांत. घरात वीज आली तेव्हा दोन बल्ब आणि एक पंखा होता. बोर्ड तेव्हाचाच, लाकडी. पुढे टीव्ही आला, फ्रिज आला, मिक्सर आला, विहिरीवर मोटर बसली. बोर्ड तोच. मोटर लावली की बल्ब मिणमिणायचे, म्हणून आमचे हे अंगणातून आधी ओरडायचे, "लावून राह्यलो वं!" की मी इकडे मिक्सर बंद करायची. बटण दाबलं की आत चरचर व्हायची. बोर्ड हाताला गरम लागायचा. वरची भिंत काळी पडली, तर मी तिथे भरतकामाचा पडदा लावला. बाया पडद्याची तारीफ करायच्या, मी फुलून जायची. फ्यूज सारखा उडायचा, तर यांनी त्यात जाड तार घातली. उडायचा थांबला. आम्ही म्हटलं, झाला दुरुस्त!

माझी नात, म्हणजे लेकीची पोरगी, दर उन्हाळ्यात माझ्याकडे राहायला यायची. तिला कूलरची रीत मीच शिकवली. त्या मोठ्या चपलेत, एकाच चपलेत, तिचे दोन्ही पाय मावायचे. तशी उभी राहून ती बटण दाबायची आणि मी म्हणायची, "शहाणी माझी बाई!"

मग तिला भाऊ झाला. नामकरण ब्रह्मपुरीला, लेकीच्या सासरी. वंदना झाली, भन्तेजींचं भोजन झालं, हॉलमध्ये दोन्हीकडचे पाहुणे बसले. विहीणबाई नातीला म्हणाल्या, "जा वं, कूलर लाव." पोरगी उठली आणि दिवाणाखाली वाकून पाहू लागली.

"काय शोधून राह्यली?"

"कूलरची चप्पल."

"कूलरले काऊन लागते चप्पल?"

"लागते नं. आजीच्या घरचा कूलर चावते. आजीनंच सांगितलं."

अख्खा हॉल हसला. कोणीतरी म्हणालं, "गडचिरोलीकडचा असन, जंगली कूलर!" मीही हसायला गेली, पण तोंड वाकडंच झालं. विहीणबाई हसल्या नाहीत. लेकीनं माझ्याकडे पाहिलं आणि बाळाचं दुपटं नीट करत बसली.

भांडी आवरताना विहीणबाई स्वयंपाकघरात माझ्याजवळ आल्या. "बाई, राग नका मानू. पोरीले या उन्हाळ्यात इथीच राहू द्या." एवढंच. टोमणा मारला असता तर मी उलटून बोलली असती. त्या मऊ बोलल्या, तर मी धुतलेलीच भांडी परत विसळत बसली. परतीच्या जीपमध्ये माझ्या डोळ्यांसमोर एकच दिसत होतं, त्या चपलेतले तिचे दोन पाय. एखाद्या दिवशी घाईत ती चप्पल घालायची विसरली असती तर?

घरी आल्यावर हे म्हणाले, "इतकी वर्षं काई झालं काय?"

मी म्हटलं, "व्हायची वाट पाहायची हाय काय? मले माझी नात पाहिजे."

गावातल्या वायरमनला बोलावलं. त्यानं पडदा काढला, बोर्ड उघडला. आतल्या तारांचं प्लास्टिक वितळून एकमेकांना चिकटलं होतं. फ्यूजमधली ती जाड तार काढून त्यानं यांच्या हातात दिली. हे ती घेऊन अंगणात गेले आणि बराच वेळ आत आले नाहीत. मग नवा बोर्ड बसला, नव्या तारा, जास्त भार आला की आपोआप पडणारी बटणं. अंगणात खड्डा करून, कोळसा-मीठ घालून अर्थिंग केलं. कूलरला तीन पिनचा प्लग लागला. त्यानं टेस्टर लावून दाखवलं, मग मी विहीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "चार दिवसांसाठी पाठवतो."

नात आली. पिशवी टाकली आणि सरळ कूलरपाशी गेली.

"आजी, चप्पल कुठी गेली?"

"फेकली. आता नाई लागत."

"तू हात लाव आधी."

मी चालू कूलरच्या लोखंडाला हात लावला, ओल्या फरशीवर, अनवाणी. तळहात तसाच दाबून धरला. ती डोळे बारीक करून माझ्या तोंडाकडे पाहत होती.

"चावला?"

"नाई चावला."

तिनं थोडा विचार केला. मग दाराबाहेर गेली, स्वतःची सँडल घालून आली, आणि कूलरला एक बोट लावलं.

घरात पायताण घालून फिरू नको, असं मी म्हटलं नाही. चार दिवस ती सँडल कूलरजवळच होती. सकाळी झाडताना मी ती उचलायची, खालची जागा झाडायची आणि परत तिथेच ठेवायची.