कुसुमची पाठ

कुसुम भोयर रिंगकडे चेंडू फेकायची आणि तो आत गेला की नाही हे न बघताच पाठ फिरवून आपल्या बाजूला धावत सुटायची. चेंडू बहुधा आत गेलेला असायचा. समोरच्या संघातल्या मुलींना ती पाठ फार झोंबायची.

सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. कुसुम अल्लीपूरच्या शेतकरी घरातली. वर्ध्याच्या एका कचेरीत टायपिस्ट होती आणि संध्याकाळी आमच्या महिला संघात बास्केटबॉल खेळायची. आम्हा बाकीच्यांना कुणी फारसा धक्का मारत नसे. कोपरं, नखं, टोमणे, सगळं तिच्याच वाट्याला. एकदा मी तिला सुचवलं की बास्केट झाल्यावर निदान क्षणभर थांब, जरा नवल वाटल्यासारखं दाखव, म्हणजे त्यांचा राग निवेल. ती शांतपणे म्हणाली, "मी तिथंच पाहत उभी राह्यली तं मागं कोण जाईन? अन् त्यायले वाईट वाटते म्हणून मी कमी खेळू काऊन?"

हिंगणघाटच्या सामन्यात त्यांच्या संघातल्या विजया नावाच्या मुलीला कुसुमला अडवायचं एवढंच काम दिलं होतं. कुसुम तिला चुकवून जातच राहिली, तसे तिच्याच गावचे प्रेक्षक विजयाला हसू लागले. शेवटी विजयाचं कोपर कुसुमच्या भुवईवर बसलं. रक्त डोळ्यात उतरलं. आम्ही विजयाच्या अंगावर धावून गेलो, तर कुसुमनेच आम्हाला मागे ओढलं. भुवईवर रुमाल बांधून तिने दोन्ही फ्री थ्रो टाकले आणि शेवटपर्यंत खेळली. आम्ही जिंकलो.

परतताना एसटीत आम्ही विजयाच्या नावाने बोटं मोडत होतो. कुसुम म्हणाली, "तिचं चुकलंच. पण तिचेच लोक तिले हासून राह्यले होते, तरी तिनं मैदान सोडलं नाई. अशी पोरगी आपल्याकडून खेळली पाहिजे."

हे ती नुसतं बोलली नव्हती. जिल्ह्याचा संघ निवडायची वेळ आली तेव्हा कर्णधार तीच होती. निवड करणारे विजयाचं नाव घ्यायला तयार नव्हते. ती नसेल तर मीही खेळणार नाही, असं कुसुमने त्यांना सांगितलं, तेव्हा तिच्या भुवईचे टाके निघायचे होते. सरावाला विजया मान खाली घालून आली. कुसुमने तिला माफी मागायला वेळच दिला नाही. हातात चेंडू ठेवला आणि धावायला लावलं.

नागपूरच्या सामन्यात दोघी-दोघी कुसुमला घेरून होत्या. तिने स्वतः फेकणं जवळपास सोडून दिलं आणि मोकळ्या राहिलेल्या विजयाकडे चेंडू देत राहिली. विजयाने सामना जिंकून दिला. नंतर नागपूरच्या मुलींनी आम्हा सगळ्यांशी हात मिळवला, विजयाला मात्र टाळून पुढे गेल्या.

"कुसुमताई, मी या पोरींचं काय बिघडवलं?" विजया रडवेली झाली होती.

कुसुमने तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"हरवलं त्यायले," ती म्हणाली. "आता हे रोजचं आहे. सवय करजो."