तिसरी होडी

माझ्या बहिणीच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली तेव्हा नवराबायको युरोपच्या सहलीला गेले, आणि त्यांच्याबरोबर मीही गेले. लग्नाच्या वाढदिवसाला मेहुणी कशाला, असं ज्यांनी ज्यांनी विचारलं त्यांना माझं एकच उत्तर होतं, "बायकांच्या बाथरूममध्ये भावोजींना कोण शिरू देणार?" लोक हसायचे. मी थट्टा करत नव्हते. ताईला आता अनोळखी जागी एकटं सोडता येत नव्हतं. तिचा उजवा डोळा पूर्ण गेला होता, आणि डाव्या डोळ्याला नळीतून बघावं एवढंच दिसत होतं.

आणि भावोजींचं दुकान चष्म्यांचं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

भावोजी म्हणजे मुलखाचा अबोल माणूस. दिवसभरात तोंडातून निघणारे शब्द हाताच्या बोटांवर मोजावेत, आणि त्यातलेही निम्मे गिऱ्हाइकासाठी राखलेले. आतल्या खोलीत खुर्ची, समोरच्या भिंतीवर अक्षरांचा तक्ता. गिऱ्हाईक बसलं की, "वरपासून वाचा. मोठ्यापासून." मग भिंग बदलायचं आणि, "आता? पुढची ओळ." झालं भाषण. लग्नात आमच्या आईनं मला विचारलं होतं, "मुलगा मुका तर नाही ना गं?"

पण धंद्यात माणूस पक्का. नंबर वाढला की कमीपणा वाटणारे लोक असतात. बाहेर बाकावर बसल्या बसल्या उघड्या दारातून ते तक्ता पाठ करतात आणि आत येऊन घडाघडा म्हणून दाखवतात. त्यांच्यासाठी भावोजींनी एक युक्ती काढली होती. तक्त्याशेजारी एका भिंगांच्या कंपनीचं जुनं कॅलेंडर होतं. तारखा कधीच फाडून टाकलेल्या, चित्र तेवढं ठेवलेलं. बर्फाचा डोंगर, त्याची तीन शिखरं, खाली तळं आणि तळ्यात होड्या. दोन होड्या कुणालाही दिसायच्या. तिसरी डोंगराच्या सावलीत होती, तांदळाच्या दाण्याएवढी. अक्षरं वाचून झाली की भावोजी सहज विचारल्यासारखं विचारायचे, "होड्या किती?" दोन म्हटलं की पुन्हा भिंग बदलायचं. तीन म्हटलं की नंबर बरोबर.

त्या चित्रावरची धूळ रोज सकाळी कोण पुसायचं? ताई.

दुकान उघडायचं, काउंटर पुसायचा, चित्रावर फडकं मारायचं, हे तिचं काम. दुपारी गिऱ्हाईक नसलं की भावोजी वर्षातून एकदा तिलाही त्या खुर्चीत बसवायचे. ती अक्षरं वाचायची. मग ते विचारायचे, "होड्या किती?" ती म्हणायची, "तीन." दोघंही खूश. ताई मला नंतर म्हणाली, "मला वाटायचं ते गंमत करतायत. मला काय माहीत, खरंच विचारतायत म्हणून!"

डोळ्याचा नंबर वेगळा आणि डोळ्यातला दाब वेगळा. चाळिशीनंतर वर्षातून एकदा डॉक्टरकडून दाब तपासून घ्या, अशी पाटी त्यांच्याच दुकानात होती, त्यांच्याच हस्ताक्षरातली. ती गिऱ्हाइकांसाठी. बायको घरची, तिला तीन होड्या दिसत होत्या, मग तिला कशाला पाठवायचं? इकडे ताई दारांच्या चौकटींना धडकायला लागली. चहा कपाशेजारी ओतायला लागली. मी तिला काय म्हणायचे सांगू? "वेंधळी कुठली." हसून म्हणायचे. माझ्या जिभेला हाड नाही हे सगळ्यांना माहीत आहे, पण हा एक शब्द आठवला की आजही जेवण जात नाही.

शेवटी जिन्यावरून पडली तेव्हा डॉक्टरकडे नेलं. काचबिंदू. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येत नाही. उरलेली थेंबांनी टिकली तर टिकेल, पण उशीर फार झालाय.

त्या दिवशी मी भावोजींना दुकानात गाठलं. "सगळ्या गावाचे डोळे तपासलेत, घरातले दोन तपासायला तुम्हाला वेळ झाला नाही?" गिऱ्हाइकांदेखत बोलले. भावोजी उठले. आतल्या खोलीत गेले, भिंतीवरचं ते चित्र काढलं, घरी आणून ताईच्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाले, "हे बघायला जाऊ. अजून दिसतंय तोवर."

ताईनं चित्र डोळ्यांशी नेलं. "खरं आहे का हो हे? मला वाटलं नुसतं रंगवलंय." चित्राखाली बारीक अक्षरात त्या गावाचं नाव छापलेलं होतं. भावोजींनी भिंग लावून वाचलं आणि त्या गावात दोन रात्री मुक्काम असलेली सहल शोधली. नऊ दिवस, चार गावं. बाकीची तीन वाटेत होती म्हणून बघायची.

भावोजींच्या दोन्ही मनगटांवर घड्याळं होती. उजव्यावर तिकडची वेळ, डाव्यावर घरची. थेंब बारा तासांनी घालायचे आणि त्यात चूक नको, म्हणून ते डोळ्यांचं घड्याळ त्यांनी बदललंच नाही. ते पिकपिक करून वाजलं की असतील तिथे थांबायचे. बसमध्ये, चौकात, एकदा तर पासपोर्ट तपासायच्या रांगेत. बर्फाच्या थर्मासमधून बाटली काढायची. "डोकं मागे कर." ताई लहान मुलीसारखी मान वर करायची.

पहिलं गाव कालव्यांचं. बोटीत बसलो. ताईच्या नळीत एकेक तुकडा यायचा आणि बोट पुढे सरकली की निसटायचा. ती विचारायची, "अहो, आता काय आलं?"

"पूल."

"कसा?"

"दगडी."

"आणि?"

भावोजी पुलाकडे बघत राहायचे. घामाघूम व्हायचे बिचारे. चाळीस वर्षं दुसऱ्यांना विचारत आले, काय दिसतंय. स्वतःला सांगायची वेळ कधी आलीच नव्हती. मग मी तोंड उघडायचे. पुलावर मुलं पाय सोडून बसलीत, खिडकीत लाल फुलं आहेत, एक म्हातारी कुत्र्याला रागावतेय. ताई हसायची. आणि भावोजी माझ्याकडे असे बघायचे, की मीच गप्प व्हायचे.

दुसऱ्या गावात संग्रहालय. तिथल्या एका मोठ्या चित्रासमोर ताई उभी राहिली, तिला दिसेना, म्हणून एकेक पाऊल पुढे गेली. नाक रंगाला लागेल एवढी. भोंगा वाजला. पहारेकरी धावत आला आणि हात हलवून तिला मागे सारायला लागला. भावोजी मधे पडले. त्यांना तिकडची भाषा येत नाही, आणि आपलीसुद्धा बेताचीच. ते नुसते स्वतःच्या डोळ्यांकडे बोट दाखवून हात जोडत राहिले. डोळ्यांकडे बोट, मग हात जोडायचे. पहारेकऱ्याला वाटलं, ह्यांनाच काहीतरी होतंय. त्यानं त्यांच्यासाठी खुर्ची आणली. आमच्या गटातले लोक लांबून बघत होते. मला भांडता आलं असतं, भांडण माझ्या हातचा मळ आहे, पण कुणाशी भांडायचं? त्या माणसाची तरी काय चूक होती?

तिसऱ्या गावाचं मला काहीच आठवत नाही. तिथे ताई बसच्या पायरीवर अडखळली आणि मला म्हणाली, "डावाही अंधुक होतोय गं. ह्यांना सांगू नकोस." मी सांगितलं नाही. बोलायला हवं तिथे मूग गिळायचे आणि गिळायचे तिथे बोलायचं, हा माझा स्वभावच.

आणि मग तळ्याचं गाव. संध्याकाळी पोचलो तर धुकं. असं धुकं की हॉटेलची पाटी दिसेना. टूरवाली मुलगी म्हणाली, सकाळी निघून जाईल. सकाळी गेलं नाही. डोंगरावर जायचा तारेवरचा पाळणा बंद ठेवला होता. लोक हॉटेलात पत्ते खेळत बसले. भावोजी दिवसभर बाल्कनीत उभे. तळं कुठल्या बाजूला आहे ते टूरवालीकडून विचारून घेतलं होतं आणि त्या पांढऱ्या पडद्याकडे तोंड करून उभे होते. मी त्यांना चहा नेऊन दिला. म्हणाले, "उद्या आठला बस."

"ठाऊक आहे."

"आठपर्यंत जाईल का हो?"

त्यांनी मला आयुष्यात विचारलेला हा पहिला प्रश्न. मी काय सांगणार? जाईल म्हटलं. त्यांच्यावरचा माझा राग त्या दिवशी कुठे गेला कोण जाणे. देवाला काही मागायची माझी सवय मोडली होती, पण त्या दिवशी मागितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बॅग भरत होते. आमच्या बाल्कन्या लागून होत्या, मधे माणूसभर उंचीची एक फळी. दार उघडं होतं, त्यामुळे पलीकडचं ऐकू येत होतं. ताई म्हणाली, "आज पण धुकंच आहे हो."

मग भावोजी म्हणाले, "हो. धुकंच आहे."

एवढ्या लांब आणलंन आणि नाहीच दाखवलंन. बाहेर वाळत टाकलेला टॉवेल घ्यायला म्हणून मी बाल्कनीत आले, आणि समोर बघितलं.

धुक्याचं नावनिशाण नव्हतं. आभाळ धुऊन काढल्यासारखं. आणि समोर तो डोंगर, तीन शिखरांचा, वरपासून खालपर्यंत पांढराशुभ्र, चित्रात होता त्याच्या शंभरपट. त्याच्याखाली निळंशार तळं.

माझं तोंड डोक्याच्या आधी चालतं. मी ओरडले, "ताई! अगं बघितलंस का? निघाला की गं डोंगर! सगळाच्या सगळा!"

ओरडून झालं आणि मग मला कळलं, मी आत असताना काय ऐकलं होतं ते.

फळीच्या कडेनं वाकून बघितलं. ताई शाल गुंडाळून खुर्चीत बसली होती, तोंड अगदी डोंगराकडे. उजेड सगळा तिच्या चेहऱ्यावर. भावोजी तिच्या मागे उभे होते आणि माझ्याकडे बघत नुसती मान हलवत होते, नाही, नाही. मला ती फळी डोक्यात घालून घ्यावीशी वाटली.

ताईनं शालीतून हात काढून उन्हात धरला. मग म्हणाली, "खोटं कशाला बोललात?"

भावोजी पुढे आले. गुडघे टेकून तिच्या खुर्चीशेजारी खालीच बसले.

"मला वाटलंच होतं," ती म्हणाली. "धुकं असतं तर इतकं ऊन लागलं नसतं." तिनं चाचपडत त्यांचा हात धरला. "बरं, आता सांगा. वरपासून. मोठ्यापासून."

"तीन शिखरं आहेत," भावोजी म्हणाले. "मधलं उंच."

"पुढची ओळ."

"त्याच्याखाली... बर्फ संपतं. मग झाडं. काळी दिसतायत. एका बाजूला ऊन आलंय, दुसरी बाजू अजून..." ते थांबले. तिनं हात दाबला. "अजून झोपल्यासारखी आहे."

चाळीस वर्षांत मी त्यांच्या तोंडून ऐकलेलं हे सगळ्यात लांब वाक्य.

"पुढची."

"मग तळं. निळं. तुझी ती साडी होती ना, दुकान उघडलं त्या दिवशी नेसलेली. तसं."

ताई हसली. "आणि होड्या? होड्या किती?"

भावोजींनी तळ्याकडे बघितलं. मीही बघितलं. इतक्या सकाळी पाण्यावर एकही होडी नव्हती.

"तीन," ते म्हणाले.

"तिसरी दिसली?"

"दिसली."

"मग नंबर बरोबर आहे तुमचा," ताई म्हणाली.

जन्मात एकदा माझं तोंड वेळेवर बंद राहिलं.

तेवढ्यात त्यांच्या डाव्या मनगटावरचं घड्याळ पिकपिक करायला लागलं. ते उठले, थर्मासमधून बाटली काढली. "डोकं मागे कर." ताई म्हणाली, "राहू द्या हो आता." ते म्हणाले, "वेळ झाली." तिनं मान वर केली. पहिला थेंब तिच्या गालावर पडला. दुसराही गालावरच. मला पुढे होऊन त्यांचा हात धरायचा होता, पण मधे ती फळी होती.