रक्त निघेस्तोवर

सेलूच्या आमच्या घरात दात घासायची एकच रीत होती. गोवरीची राख, त्यात चिमूटभर जाडं मीठ, आणि बोट हिरडीवर खसाखसा फिरवायचं, रक्त निघेस्तोवर. "खराब रक्त हाय ते, जाऊ दे भाईर," बाबा म्हणायचे. त्यांच्या स्वतःच्या तोंडाचं चाळिशीतच बोळकं झालं होतं, तरी या शास्त्रावर कुणाला शंका आली नाही. दात लवकर पडणं आमच्या घराण्याच्या नशिबातच आहे, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं.

त्यात माझा स्वभाव उतावळा. जेवतानाही माझा पाय हलतो. शाळेत शिकवायला लागलो तर फळ्यापासून दारापर्यंत नुसत्या येरझारा. सांगितलेलं काम मी दुप्पट जोर लावून करणार, मग घासणं तरी कसं सुटेल?

ऐंशी सालानंतरची गोष्ट. मी अजून तिशीतही नव्हतो आणि माझे खालचे समोरचे दोन दात लांब दिसायला लागले. आई म्हणाली, "दात वाढून राह्यले तुये." आरशात पाहिलं, तर दात वाढले नव्हते, हिरडी खाली सरकली होती. थंड पाणी लागलं की कळ थेट कानात जायची. मला दुसरं काही सुचेना. धडा वाचता वाचता जीभ तिथेच जायची. बाबांसारख्या बोळक्या तोंडाने मी पोरांना कविता शिकवतोय, असं डोळ्यांपुढे यायचं. आणि उपाय काय केला? आणखी जोरात घासलं. अक्कल गहाण टाकणं म्हणतात ते हेच.

शेवटी नागपूरला दातांच्या डॉक्टरकडे गेलो. नको म्हटलं तरी बाबा सोबत आले. त्यांना बाहेरच्या बाकावर बसवलं.

डॉक्टर तरुण बाई होत्या. मी कशाने घासतो ते त्यांनी विचारून घेतलं. "रक्त खराब नव्हतं, हिरडी दुखावत होती," त्या म्हणाल्या. "तुम्ही ती रोज खरवडलीत. गेलेली हिरडी आपोआप परत येत नाही." बाकीच्या दातांवरचं किटण काढून, मऊ ब्रश हलक्या हाताने फिरवला तर ते टिकतील. या दोन दातांना मात्र टाळूच्या कातडीची पातळ चकती कापून मुळाशी शिवावी लागेल. नाहीतर आज ना उद्या ते काढावे लागतील.

"आत्ताच करा," मी म्हणालो. त्या हसल्या आणि पुढच्या आठवड्यात बोलावलं.

परतीच्या बसमध्ये बाबांनी विचारलं, "काऊन झालं म्हनते डाक्टर?"

खरं अगदी ओठांवर आलं होतं. त्यांच्या बोळक्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणालो, "आपल्या इकडचं पानीच खराब हाय म्हनते." ते नुसतं "हं" म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत बसले.

शस्त्रक्रिया झाली. तोंड बधिर होतं, पण दोरा ओढलेला कळत होता. त्यानंतर दोन आठवडे तिथे बोट नाही, ब्रश नाही, ओठ ओढून बघणं नाही, बोलणंही कमी. माझ्यासारख्याला ही शिक्षाच होती. टाके निघाले तेव्हा हिरडीवर फिकट ठिगळ दिसत होतं, पण ते धरलं होतं. दात वाचले.

तरी जिवाला स्वस्थता नव्हती. माझी मुलगी आता चार वर्षांची झाली होती, आणि दात घासायला शिकवणं हे आमच्या घरात बाबांचं काम. बाबांना खरं सांगावं, तर त्यांचे दात त्यांनीच घालवले आणि माझेही, हे त्यांच्या पदरात टाकायचं. सांगू नये, तर पोरीच्या हिरड्या जाणार. उद्या सांगू, उद्या सांगू, असं करत मी दिवस ढकलले. माझी मलाच लाज वाटायची.

एका सकाळी ती दोघं अंगणात बसलेली दिसली. मी धावतच गेलो.

बाबांच्या हातात राख नव्हती. छोटासा मऊ ब्रश होता. "हळू घास, बाई," ते तिला सांगत होते. "रक्त नाई निघालं पायजे."

मग त्यांनी मान वर केली. "डाक्टरचं दार उघडंच होतं," ते म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी ते बोळकं तोंड हाताने झाकून घेतलं.