लूमच्या तालावर हलणारं शेपूट

भिवंडीत, नारपोलीत आमची खोली होती, तिची मागची भिंत लूमच्या, म्हणजे कापड विणायच्या यंत्रमागांच्या कारखान्याची. भिंत एकच. अलीकडे माझी मांडणी, पलीकडे लूम. मांडणीवरच्या वाट्या दिवसरात्र थरथरायच्या. माहेरची माणसं आली की म्हणायची, कशी राहतेस गं इथं? मी म्हणायची, काय? खरंच ऐकू यायचं नाही. आम्हा भिवंडीकरांना लोक भांडकुदळ म्हणतात ते उगाच. साधं ‘चहा घेणार का’ विचारायचं तरी आम्हाला ओरडावं लागतं.

मी खारबावची. ऐंशी सालानंतर एक-दोन वर्षांनी लग्न होऊन इथं आले. आमचे हे त्याच मागच्या कारखान्यात लूम चालवायचे, कायमची रातपाळी. सकाळी घरी यायचे तेव्हा केसांत रुई, भुवयांवर रुई. अंघोळ, भाकरी आणि झोप. संध्याकाळी मी ‘उठा हो’ म्हणून हाक मारायची, की पुन्हा ड्युटी. आमचं बोलणं म्हणजे ‘मीठ कमी झालंय’ आणि ‘कडी लावून घे’. मूल झालं नाही. हे एकदाच सांगते, पुन्हा विचारू नका.

दिवसभर बोलायला माणूस नाही आणि झोपलेल्या माणसाला उठवायचं नाही, अशी माझी तऱ्हा. त्यात पोपट आला. पलीकडचा एक कारागीर कायमचा गावी निघाला होता. पिंजरा माझ्या दारात ठेवून म्हणाला, “भाभी, इसको आप रख लो.” मी म्हटलं, मला नको ती ब्याद. तोवर पोपटाने माझ्या हातातली मिरची ओढून घेतली होती. खोलीत रिकामा खिळा एकच, तोही त्या मागच्या भिंतीत. तिथंच पिंजरा अडकवला.

त्याला मी नुसतं राघू म्हणायची. माझं सगळं त्याला ठाऊक. डाळ करपली ते, सासूचा निरोप आला ते, रात्री भीती वाटते ते. महिनाभरात तो माझ्या आवाजात ‘उठा हो’ म्हणायला शिकला आणि भलत्या वेळी म्हणायला लागला. हे दचकून उठायचे, घड्याळ बघायचे आणि पोपटाला नाही, मला शिव्या द्यायचे. मला हसू आवरायचं नाही. त्या घरात मी हसले ती बहुतेक त्याच्यामुळेच.

पुढे काही वर्षांनी, एका पावसाळ्यात, राघू नवीन काहीतरी करायला लागला. दांडीवर बसून शेपूट हलवायचा. वर-खाली, वर-खाली, अगदी एका लयीत. पाठीमागे लूम खटाक-खटाक करतोय आणि याचं शेपूट त्याच्याबरोबर. तोंडाने बारीक टिक-टिकही करायचा. शेजारणी बघायला यायला लागल्या. एक म्हणाली, “मेरा आदमी भी इतना ध्यान नहीं देता लूम पे.” मला केवढा अभिमान. ज्याला-त्याला दारातून बोलावून दाखवायची. लूमच्या गावातला पोपट, लूमचाच ताल धरणार, यात नवल ते काय?

मग तो मिरची नुसती फोडून टाकायला लागला. बिया खाली, साल खाली, पोटात काही नाही. पिसं फुगवून बसायचा. ‘उठा हो’ बंद झालं. समोरची खाला, चाळीची म्हातारी मालकीण, पिंजऱ्यात डोकावून म्हणाली, “नजर लागली गो याला. गावभर दाखवत बसलीस.” पटलं मला. मीठ-मोहरी ओवाळून चुलीत टाकली. पण लोकांना दाखवायचं तेवढं बंद केलं, दुसरं काही केलं नाही.

आमच्याकडे शुक्रवारी वीज नसायची. दिवसभर सगळ्या नारपोलीचे लूम बंद. हे त्या दिवशी झोपायचे नाहीत, कारखान्यात साफसफाईला जायचे. आणि आम्ही बायका बाहेर ओट्यावर बसून आठवड्याचं बोलणं बोलून घ्यायचो, कारण त्या दिवशी एकमेकींचं ऐकू यायचं. पण त्या शुक्रवारी माझ्या पायावर पेज सांडून फोड आले होते, म्हणून मी आत पडून होते. भिंतीमागे सगळं शांत. आणि राघूचं शेपूट हलतच होतं.

मी उठून बसले. लूम बंद, मग हा कसला ताल धरतोय? जवळ गेले. टिक-टिकही चालूच होती. दर श्वासाला एक टिक, दर श्वासाला शेपूट खाली. चोच थोडी उघडी. तो नाचत नव्हता, धापा टाकत होता. आणि मी लोकांना बोलावून ते दाखवत होते.

भाजलेल्या पायाने लंगडत, पिंजऱ्यावर लुगडं टाकून, मी गुरांच्या दवाखान्यात गेले. दुसरीकडे कुठं जाणार? रांगेत दोन म्हशी आणि एक बकरी. डॉक्टर मला हसले नाहीत. त्यांनी पोपटाला फडक्यात धरलं, छातीचं हाड चाचपलं, मग पिंजऱ्याच्या तारांवरून बोट फिरवलं. बोटाला रुई चिकटून आली.

“पक्षी आजार शेवटपर्यंत लपवतो,” ते म्हणाले. “आपल्याला दिसतो तोवर तो बरेच दिवस सोसत असतो. औषध देतो, ऊब द्या. पण या रुईत पुन्हा ठेवलात तर वाचायचा नाही.”

“मग कुठं ठेवू?”

“जिथं लूम नाही तिथं.”

ते काही दिवस मी गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून पिंजऱ्याला टेकवली, औषधाचे थेंब चोचीच्या कडेने सोडले, भात कुस्करून भरवला. हे म्हणाले, “माणूस खोकून मेला तरी कुणी विचारत नाही, आणि पोपटाला डॉक्टर.” मी म्हटलं, तुम्ही आधी बोला तरी माझ्याशी, मग विचारते. थोडा खायला लागला तसा एस.टी.ने राघूला घेऊन खारबावला गेले. आईने पिंजरा परसात पेरूखाली टांगला. “राहू दे हितं. मला काय जड हाय?” म्हणाली. परत येताना हात मोकळे होते आणि मला रडू आवरत नव्हतं.

घरी भांडी घासताना मी सवयीने बोलायची आणि मध्येच थांबायची. खिळा तसाच ठेवला. दिवाळीला गेले तेव्हा राघू गुटगुटीत झाला होता. शेपूट स्थिर. दिवसभर आईला ‘उठा हो’ म्हणून हैराण करत होता. “तुझाच आवाज, तूच घरी आल्यासारखी वाटतेस बघ,” आई म्हणाली. मला त्याला परत आणायचं होतं. पिंजरा उचलला, पुन्हा पेरूला टांगला आणि एकटीच निघाले.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. ओट्यावर जाऊन बसायची इच्छा नव्हती. हेही साफसफाईला गेले नाहीत. अंगात जोर नाही म्हणाले आणि झोपले. मी तांदूळ निवडत बसले. लूम बंद होते. आणि मला ती टिक-टिक ऐकू आली.

मी आधी रिकाम्या खिळ्याकडे बघितलं. मग यांच्याकडे. दर श्वासाला छातीत टिक, दर श्वासाला खांदे वर, गळ्याखालची खळगी आत. एकाच खोलीत राहून इतकी वर्षं मला ते ऐकूच आलं नव्हतं. हे झोपायचे तेव्हा लूम चालू असायचे. खोकला होता, पण खोकला तर चाळीतल्या सगळ्याच पुरुषांना होता. त्याला आम्ही आजार म्हणत नव्हतो.

“उठा हो,” मी म्हटलं. “डॉक्टरकडे जाऊ.”

त्यांनी एक डोळा उघडला. “गुरांच्या?”

“थट्टा नको. थोडे दिवस खारबावला चला.”

“आणि तिथं खायचं काय? पेरू?” हसता हसता त्यांना ठसका लागला. मग त्यांनी कूस बदलली.

पोपटाला मी खारबावला नेऊन ठेवलं. यांना कुठं ठेवू? मी तांदूळ निवडायचं सूप मांडीवर घेऊन तशीच बसून राहिले आणि त्यांचा श्वास ऐकत राहिले. तिन्हीसांजेला वीज आली, मागचे लूम सुरू झाले आणि मला तो ऐकू येईनासा झाला.